जुन्या नाटकांतील माणसे कशी ओळखावी

जुनी नाटके हाती घेणाऱ्या तरुण मंडळींकडून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. ती अशी की, या नाटकांची भाषा कळते, पदे गोड लागतात. पण त्यांतली माणसे हाती लागत नाहीत आणि कथानकाचा धागा दुसऱ्या अंकातच निसटतो. ही तक्रार अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. पूर्वी नाटक आधी पाहिले जाई आणि मग वाचले जाई. नटाच्या आवाजाने, त्याच्या थांबण्याने, मागे वळून पाहण्याने निम्मा अर्थ आधीच उलगडलेला असे. आता ही नाटके बहुधा पुस्तकातूनच भेटतात, आणि तीही परीक्षेच्या निमित्ताने. मार्गदर्शिकेत प्रत्येक पात्राच्या नावापुढे चार विशेषणे मांडून ठेवलेली असतात: सिंधू सोशिक, सुधाकर मानी, तळीराम धूर्त, रामलाल सज्जन. ती पाठ झाली म्हणजे स्वभाव कळला असा विद्यार्थ्याचा समज होतो. परंतु विशेषण हा निकाल आहे. खटला त्यात नसतो. आणि खटला न ऐकता निकाल तेवढा वाचणाऱ्यास न्याय कळला असे कोण म्हणेल?

या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले, त्यास आमचे राहण्याचे ठिकाण काही अंशी कारण आहे. लोणावळ्यास पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडण्याची सोय फारशी नसते. ढग खिडकीतून आत येतात, कपडे वाळत नाहीत, आणि सायंकाळी चार शेजारी एका घरी जमून काहीतरी वाचतात. अशाच एका घरी गेले काही पावसाळे आम्ही जुन्या नाटकांचे वाचन करीत आहो. पात्रे वाटून घ्यावयाची, प्रत्येकाने आपापले भाषण वाचावयाचे, आणि अंक संपला की चहाबरोबर त्यावर बोलावयाचे, असा साधा क्रम असतो. या वाचनात खाडिलकरांचे १९०९ सालचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक आले, त्या वेळी जे घडले त्यावरून नाटकातील माणसे ओळखण्याच्या रीतीविषयी आमचे काही विचार पक्के झाले.

‘भाऊबंदकी’चा विषय वाचकांच्या परिचयाचा आहे. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली वारले. त्यांच्या मागून गादीवर आलेले त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. चुलते रघुनाथराव उर्फ राघोबादादा, त्यांच्या पत्नी आनंदीबाई आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ही या नाटकातील मुख्य माणसे. घटना पुण्याची खरी. परंतु तिचे शेपूट आमच्या मावळात येऊन पोचलेले आहे. पुण्यात निभाव लागेना तेव्हा दादासाहेब इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि १७७८च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज त्यांना गादीवर बसविण्याच्या मिषाने बोरघाट चढून खंडाळ्यास आली. जेथे बसून आम्ही नाटक वाचतो तेथून ती वाट काही फार दूर नाही. पाऊस उघडला तर समोर लोहगड दिसतो. तो नाना फडणीसांच्या ताब्यात होता, आणि नानांचे नाव या साऱ्या कारस्थानाशी कायमचे जोडलेले आहे. सारांश, नाटकातली माणसे आमच्या अंगणातून गेलेली आहेत.

या जवळिकीचा लाभ होईल असे आम्हांस वाटले होते. आरंभी मात्र अडचणच झाली. पहिला अंक संपतो न संपतो तोच मंडळींत वाद सुरू झाला तो असा की, आनंदीबाई खरोखर दोषी होती काय? एकाने ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सांगितली. दुसऱ्याने ती मागाहून रचलेली असावी असे प्रतिपादन केले. तिसऱ्याने बखरींच्या विश्वसनीयतेवर व्याख्यान दिले. तासभर नाटक बाजूस राहिले. हा प्रश्न महत्त्वाचा खरा, पण तो इतिहासाचा. नाटक वाचताना विचारावयाचा प्रश्न निराळा असतो: नाटककाराने जी बाई आपणासमोर उभी केली आहे, ती काय इच्छिते, कशास भिते, आणि त्या इच्छेपायी काय करते? खाडिलकर हे शेक्सपियरचे अभ्यासू वाचक होते. त्यांच्या पहिल्या नाटकातील सवाई माधवरावांवर हॅम्लेटची छाया आहे, तशी आनंदीबाईवर लेडी मॅकबेथची आहे, हे टीकाकारांनी पूर्वीच दाखविले आहे. म्हणजे ही आनंदीबाई अर्धी शनिवारवाड्यातील आणि अर्धी स्कॉटलंडच्या किल्ल्यातील. तिच्यावरून खऱ्या आनंदीबाईस शिक्षा ठोठावणे जितके अन्यायाचे, तितकेच खऱ्या आनंदीबाईच्या कागदपत्रांवरून नाटकातील आनंदीबाईस निर्दोष ठरविणे निरर्थक होय.

तेव्हा पहिला नियम आम्ही असा केला की, पात्राविषयी जे बोलावयाचे ते त्या पात्राच्या कृतीवरून आणि उक्तीवरून बोलावे. आणि उक्तीपेक्षा कृतीस अधिक मान द्यावा. उक्ती पाहताना ती कोणासमोर केली आहे हे अवश्य पाहावे. ‘सौभद्रा’तील कृष्ण बलरामासमोर एक बोलतो आणि अर्जुनासाठी दुसरेच घडवून आणतो. केवळ शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्यास तो लबाड वाटेल, आणि केवळ परिणाम पाहणाऱ्यास देव. दोन्ही एकत्र पाहणाऱ्यासच किर्लोस्करांनी रंगविलेला खेळकर, कुटुंबवत्सल भाऊ दिसतो. माणूस एकटा असताना, वडील माणसासमोर, नोकरासमोर आणि शत्रूसमोर काय बोलतो, या चार बोलण्यांत जेथे फरक पडतो तेथे त्याचा स्वभाव उघडा होतो.

या कसोटीवर राघोबादादांना घासून पाहता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मार्गदर्शिका त्यांस दुबळे म्हणतात, कोणी महत्त्वाकांक्षी म्हणतात. दोन्ही शब्द खरे, पण दोहोंनी काम भागत नाही. कारण दुबळी माणसे पुष्कळ असतात आणि महत्त्वाकांक्षीही पुष्कळ असतात. दादासाहेबांचे विशेष असे की, त्यांस फळ हवे असते, परंतु ते तोडणारा हात दुसऱ्याचा असावा लागतो. गादी हवी, पण ती मिळविण्याचे काम गारद्यांनी करावे. निश्चय हवा, पण तो बायकोने पुरवावा. दोष निघाला तर तो ‘झाले खरे’ अशा अकर्तृक भाषेत बोलून टाकावा. ज्यास कृत्य नको पण कृत्याचे उत्पन्न हवे, अशा माणसाचे हे चित्र आहे. हे एकदा दिसले की त्यांचे डळमळणे हा नुसता भित्रेपणा राहत नाही, तो एक हिशेब होतो.

आणि येथे आमच्या मावळाचा इतिहास नाटकास पुरावा म्हणून नव्हे, पण प्रतिध्वनी म्हणून उपयोगी पडतो. खुनानंतर सहा वर्षे उलटली नाहीत तोच हाच गृहस्थ याच वृत्तीने बोरघाट चढून आला. या वेळी हात गारद्यांचा नव्हता, इंग्रजांचा होता. फौज कार्ल्यावरून रडतखडत पुढे सरकली. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई न देता वाटेतील चारा-दाणा नाहीसा केला. ९ जानेवारी १७७९च्या सुमारास इंग्रज तळेगावास पोचले, तो गाव ओस पडलेला. पुढे जाववेना आणि थांबवेना. जड तोफा तळ्यात टाकून रातोरात माघार घेतली गेली. परंतु वडगावास महादजी शिंद्यांनी गाठून कोंडले, आणि त्याच महिन्यात शरणागतीचा तह झाला. तो पुढे कलकत्तेकरांनी मानला नाही हा भाग वेगळा. त्या कोंडीत दादासाहेबांनी काय केले? ज्यांना बरोबर घेऊन आले त्यांस सोडून ते महादजींच्या स्वाधीन झाले. नाटक १७७९पर्यंत जाण्याची गरजच नाही. खाडिलकरांनी रेखाटलेला माणूस पुढे असाच वागेल हे वाचकास पडदा पडण्यापूर्वीच कळलेले असते. स्वभाव समजला याची खूण हीच. जे नाटकात लिहिलेले नाही त्या प्रसंगी हे माणूस काय करील, हे सांगता आले पाहिजे.

आता कथानकाविषयी. कथानक म्हणजे घटनांची यादी अशी समजूत असल्यामुळे धागा निसटतो. ‘मग काय झाले?’ असे विचारीत गेले की गोष्ट हाती येते. कथानक हाती येण्यास ‘म्हणून काय झाले?’ असे विचारावे लागते. ‘एकच प्याला’त सुधाकर दारू पितो आणि मग घर उद्ध्वस्त होते, ही गोष्ट झाली. सुधाकर बुद्धिमान आणि मानी आहे, म्हणून मुनसफाशी झालेला खटका व त्यातून झालेली सनदेची तहकुबी त्यास सोसत नाही. सोसत नाही, म्हणून विसरण्याचे औषध हवे असते. औषध हवे असते, म्हणून तळीराम त्यास सापडतो. हे कथानक झाले. तळीराम नसता तर दुसरा कोणी सापडला असता. पण तो अपमान गिळणारा सुधाकर असता तर नाटकच झाले नसते. ‘संशयकल्लोळा’त एका तसबिरीवरून केवढा गोंधळ माजतो, परंतु तीच तसबीर संशय नसलेल्या घरात पडली असती तर कोणी उचलून फडताळात ठेवली असती. वस्तू गाठ मारीत नाही, स्वभाव मारतो. यास्तव नाटक वाचून झाल्यावर एक प्रयोग करून पाहावा. एकेका पात्राच्या जागी वेगळ्या स्वभावाचे माणूस कल्पून पाहावे. ज्याला बदलताच सारे नाटक कोसळते, तेथे गाठ आहे असे समजावे.

हा प्रयोग ‘भाऊबंदकी’वर करीत असतानाच ती गोष्ट घडली.

ज्या घरी आम्ही जमतो तेथे दोघे भाऊ. वडिलार्जित जमीन मावळात एका गावी. द्रुतगती मार्ग झाल्यापासून या बाजूच्या जमिनींस जे मोल आले आहे ते वाचक जाणतातच. जेथे पूर्वी आंबेमोहोर पिके तेथे आता मुंबईकरांचे बंगले उगवतात. वाटणीवरून दोघा भावांत कोर्टकज्जा चालू झाला. तरीही धाकटे भाऊ वाचनास येत, थोरल्यांच्या समोर बसत, आणि कोर्टाचा विषय काढावयाचा नाही असा अलिखित करार दोघेही पाळीत. या नाटकाचे नाव वाचनासाठी निघाले तेव्हा कोणी दचकले नाही असे नाही. पण नको म्हणावे तर ते अधिकच बोलके झाले असते. आनंदीबाईचे काम थोरल्या वहिनींकडे आले. त्यांचा आवाज खणखणीत, आणि ‘शारदे’तली इंदिराकाकू त्यांनी मागील वर्षी फार उत्तम वाचली होती. या वेळी मात्र त्यांनी पुस्तक मिटून ठेवले आणि म्हणाल्या, “हे काम मला देऊ नका. वाचल्यावाचूनच गावाने मला ते दिलेले आहे.”

कोणी काही बोलेना. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले की, वहिनी, हे नाटक आहे, मनावर घेऊ नये. यावर वहिनी ज्या बोलल्या ते आम्ही शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत देतो.

“भाऊ, मनावर घेत नाही; हिशेब विचारते. तुम्ही सगळे त्या दिवशी ‘ध’चा ‘मा’ कोणी केला म्हणून तासभर भांडलात. धरावेचे मारावे झाले, ते बाईने केले असे धरून चालू. पण ‘धरावे’ हे तरी कोणी लिहिले? पुतण्याला धरा, असा कागद चुलत्याने आधी काढला नसता, तर बाईच्या हाती बदलायला अक्षर कुठून आले असते? तिच्या एका अक्षराची गोष्ट शेंबडे पोरही सांगते. त्याच्या बाकीच्या कागदाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. दाव्याच्या अर्जावर माझी सही नाही. धाकट्या जाऊबाईंचीही नाही. पण गावात विचारा, घर कोणी मोडले. दोघींपैकी एकीचे नाव निघेल.”

आनंदीबाईवर आम्ही पुष्कळ वाचलेले आहे. परंतु त्या आख्यायिकेचा इतका नेमका अर्थ आम्ही तोवर कोठे पाहिला नव्हता. ती कथा ज्यांनी प्रचलित केली त्यांचा हेतू काहीही असो, तिचा परिणाम असा झाला आहे की, मूळ कागद काढणाराचे पाप एका अक्षराच्या मागे लपले. ‘मारावे’ने ‘धरावे’ला निर्दोष करून टाकले. जणू काय सत्तेसाठी पुतण्यास कैद करणे ही घरगुती बाब, आणि गुन्हा काय तो पुढच्या अक्षरापासून सुरू होतो! नाटकातील राघोबादादांचा जो स्वभाव आम्ही कष्टाने शोधून काढला होता, कृत्य नको पण उत्पन्न हवे, त्यास लोकांच्या कथेनेच हात दिला आहे हे वहिनींनी दोन वाक्यांत दाखविले. दोष ठेवण्यास दुसऱ्याचा हात त्यांस येथेही मिळालेला आहे.

‘शारदे’चा उल्लेख वर आलाच आहे, तिच्यातही हेच दिसते. मुलीचा सौदा होत असताना इंदिराकाकूचा विरोध आहे, कळकळ आहे, बुद्धीही आहे. नाही तो अधिकार. व्यवहार कांचनभटाच्या हाती. देवलांनी १८९९ साली हे इतक्या स्वच्छपणे मांडले की, तेथे कोणी बाईस दोष देत नाही. मग एका नाटकात अधिकार कोणाचा हे आपणांस लख्ख दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही, हे का? कारण पहिल्यात बाई चांगले बोलते आणि दुसरीत वाईट बोलते. म्हणजे आपण पुन्हा उक्तीवर गेलो, कृती विसरलो. आनंदीबाईची उक्ती भयंकर असेल; परंतु तिला आपली इच्छा पुरी करण्यास नवऱ्याच्या हातावाचून दुसरा हात नाही. आणि नवऱ्याला स्वतःचा हात आहे, पण तो त्यास वापरावयाचा नाही. या दोन अपूर्ण माणसांची जोडी हीच या नाटकाची गाठ होय. एकाला बदला, नाटक कोसळते.

ही गाठ कळली म्हणजे रामशास्त्र्यांचे स्थानही कळते. पुष्कळांस हे पात्र एकसुरी वाटते. ते बदलत नाही, डळमळत नाही, असा आक्षेप घेतात. पण सरळ रेषा काढण्यास पट्टी लागते, आणि पट्टीने वाकून चालत नाही. सर्व माणसे आपले कृत्य दुसऱ्याच्या अंगावर ढकलीत असता, ज्याच्या नावाने आज्ञा निघाली त्याचाच दोष, असे तोंडावर सांगणारा एक मनुष्य या नाटकास हवा होता. शास्त्रीबुवा आनंदीबाईस शोधीत बसत नाहीत. ते गादीवर बसलेल्यास देहान्त प्रायश्चित्त सांगतात, आणि नोकरीवर पाणी सोडतात. वहिनींचा प्रश्न आणि रामशास्त्र्यांचा निकाल एकच आहे, हे त्या संध्याकाळी सर्वांच्या ध्यानात आले असावे. कारण पुढचा अंक वाचावयास घेतला तेव्हा थोरल्या बंधूंनी आपल्याकडे असलेले राघोबादादांचे भाषण पूर्वीप्रमाणे जोशात वाचले नाही, बरेच हळू वाचले. आनंदीबाई त्या दिवशी धाकट्या भावांनी वाचली.

त्या कुटुंबाचा दावा नाटकाने मिटला असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. परंतु तसे झालेले नाही. तारखा पडत आहेत. एवढे मात्र आम्ही पाहिले की, त्यानंतर त्या घरात कज्जाचा विषय निघाला तर थोरले बंधू ‘आमच्याकडून असे झाले’ न म्हणता ‘मी दावा लावला’ असे म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीने हा फरक लहान आहे. माणसाच्या दृष्टीने तो लहान आहे असे आम्हांस वाटत नाही.

जुनी नाटके कशासाठी वाचावी, असे विचारणाऱ्यास आम्ही हेच उत्तर देऊ. त्यांतली वेशभूषा गेली, पगड्या गेल्या, स्वगते गेली. पण आपले कृत्य कोणाच्या तरी नावावर टाकण्याची माणसाची खटपट गेलेली नाही, आणि ती ओळखण्याची दृष्टी अशा वाचनाने येते. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. विशेषणे बाजूला ठेवावी. कोणी काय केले ते पाहावे. कोणासमोर काय बोलले ते पाहावे. ‘मग’ ऐवजी ‘म्हणून’ विचारावे. आणि सर्वांत शेवटी, कथेने ज्याचे नाव मोठ्याने घेतले आहे त्याच्या मागे कोण उभे आहे हे वाकून पाहावे.

विद्वत्ता लागत नाही असे आम्ही म्हणतो त्यास मावळातच आधार आहे. १७७९च्या त्या स्वारीत कॅप्टन स्टुअर्ट नावाचा इंग्रज सरदार ४ जानेवारीस कार्ल्याजवळ पडला. तो शत्रूचा, आक्रमण करून आलेला. पण त्याचे शौर्य मराठ्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि त्यास ‘इष्टुर फाकडा’ असे कौतुकाचे नाव दिले. वडगावास त्याची समाधी आहे आणि लोक तिला मानतात. त्याच वडगावात महादजींचे स्मारक आहे. त्या स्वारीचे निमित्त मात्र राघोबादादा होते, आणि ते परके नव्हते, थोरल्या बाजीरावांचे पुत्र होते. पण त्यांच्या नावाने कोणी फूल वाहताना आम्ही पाहिले नाही. कोण आपल्या बाजूचा आणि कोण विरुद्ध, एवढ्यावर न थांबता, कोणी स्वतःच्या हाताने काय केले हे मावळच्या शेतकऱ्याने अचूक पाहिले आणि त्याप्रमाणे नावे ठेवली. नाटकाच्या वाचकाने याहून अधिक काही करावयाचे नसते.